लस घेतलेल्या पोरालाही गोवर निघाला, मग लस कशाला?

वाचकाचं पत्र:

"आम्ही शिरपूर तालुक्यात मळ्यात राहतो. होळीला शेजारचं कुटुंब गुजरातेतून ऊसतोडीहून परतलं आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या तीन वर्षांच्या पोराला गोवर निघाला. त्याला नवव्या महिन्यात लस दिलेली होती, कार्डावर नोंद आहे. होळीच्या संध्याकाळी माझी दोन्ही लेकरं त्याच्याजवळच होती. मुलगी पावणेतीन वर्षांची. तिचा पहिला डोस झालाय, दुसरा राहिला. दोनदा गेले होते, पण 'पोरं कमी आहेत, कुपी फोडली तर वाया जाईल' म्हणून परत पाठवलं. मुलगा पावणेआठ महिन्यांचा. सासूबाई म्हणतात, 'एकदाव गोवर निंघी गया म्हंजे पोऱ्या घट्ट व्हई जास.' मोबाइलवर वाचलं की सुईशिवायची, पट्टी चिकटवायची नवी लस येतेय. तोवर थांबू का? आणि आपल्याकडच्या उन्हात लस टिकते तरी का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, अमळनेरकडे जायचंय. भावाचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं आहे. आखाजीच्या तीन-चार दिवस आधी माझ्या मुलाला नऊ महिने पूर्ण होतात. काय करू?" (एक आई, शिरपूर तालुका)

ताई, पत्रात सगळ्यात घाईचं काम आहे मुलीचा दुसरा डोस, आणि नेमकं त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. म्हणून आधी तेच. हा डोस १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो, पण राहून गेला म्हणून हुकला असं नाही. पाच वर्षांपर्यंत देता येतो, पहिल्या आणि दुसऱ्या डोसात किमान चार आठवडे गेलेले असले की झालं. पहिला डोस पुन्हा द्यावा लागत नाही. संसर्ग झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तुमच्या बाबतीत ती मुदत टळून गेली आहे, तरी मुलगी ठणठणीत असेल तर पुढच्याच सत्राला डोस द्या. होळीला तिला लागण झाली नसेल, तर पुढच्या वेळेसाठी तिला संरक्षण मिळेल. झाली असेल तर या डोसाने नुकसान काही नाही.

परत पाठवण्याबद्दल. गोवर आणि रुबेला या दोन आजारांची लस एकत्रच येते, तिची कुपी ५ किंवा १० डोसांची असते. सुकी लस एकदा निर्जंतुक पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची किंवा सत्र संपताना टाकून द्यायची, म्हणून नर्सताईंचा हात आखडतो. त्यांची अडचण खोटी नाही, पण डोस वाया जातील म्हणून आलेल्या मुलाला परत पाठवू नये, हाच नियम आहे. चार डोस वाया गेलेले परवडतात, एक पोर उघडं राहिलेलं परवडत नाही. भांडत बसण्यापेक्षा हे करा: सत्राच्या दोन दिवस आधी आशाताईंना सांगून मुलीचं नाव यादीत घालून घ्या, आणि मळ्यात-वस्तीवर ज्यांचा डोस राहिलाय अशी आणखी दोन-तीन मुलं सोबत न्या. ऊसतोडीहून आलेल्यांत अशी मुलं हमखास निघतात. तरीही नाही म्हटलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

आता शेजारच्या पोराचं कोडं. लस घेऊनही गोवर कसा?

आईच्या पोटात असताना बाळाला तिच्या रक्तातली गोवराविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना धरणारी प्रथिनं, मिळतात. पहिले काही महिने तीच त्याला राखतात. पण लसीत असतो तो कमजोर केलेला, तरी जिवंत विषाणू. त्याने बाळाच्या अंगात थोडा वाढावा, शरीराने त्याला ओळखावं, तरच लस लागू पडते. आईची प्रतिपिंडं शिल्लक असतील तर ती लसीच्या विषाणूलाही धरून मारतात. घरच्या राखणदाराने पाहुण्यालाच हाकलावं तसं होतं. शिवाय त्या वयात बाळाची स्वतःची यंत्रणाही कच्ची असते. म्हणून नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडते, बाराव्या महिन्यानंतर दिलेली ९३ ते ९५ जणांना.

मग सरळ बाराव्या महिन्यातच का नाही देत? कारण जिथे विषाणू फिरतोय तिथे नऊ ते बारा महिन्यांची बाळं त्याच्या तावडीत सापडतात, आणि याच वयात गोवर जास्त जीव घेतो. म्हणून आपल्याकडे नववा महिना पूर्ण झाला की पहिला डोस. राहिलेल्या पंधरा मुलांसाठी दुसरा. पुष्कळांना वाटतं की दुसरा डोस म्हणजे पहिल्यावर चढवलेला वरचा थर, नाही घेतला तरी चालतं. तसं नाही. ज्यांना पहिला लागूच पडला नाही त्यांना मिळालेली ती दुसरी संधी आहे, आणि कोणाला लागू पडला नाही हे बाहेरून कळत नाही. दोन्ही डोस झाले की शंभरातली ९७ मुलं सुरक्षित होतात. शेजारचं पोर पहिल्या डोसातल्या त्या पंधरांपैकी एक असावं. तुमची मुलगी कोणत्या बाजूला आहे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. म्हणूनच घाई.

घाईचं आणखी एक कारण गोवराच्या स्वभावात आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रोगी १२ ते १८ जणांना आजार देतो. रोगी खोलीतून उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू टिकतो. पुरळ दिसण्याआधी चार दिवस आणि दिसल्यावर चार दिवस तो पसरत असतो, म्हणजे निम्मा प्रसार कोणाला पत्ता लागण्याआधीच होऊन जातो. होळीच्या संध्याकाळी ते पोर फक्त सर्दी-तापाचं वाटलं असेल. साथ थोपवायची तर गावातली ९५ टक्के मुलं दोन्ही डोस घेतलेली हवीत. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला साथ उसळली आणि मालेगाव, भिवंडीतही रुग्ण निघाले, ते डोस राहिलेल्या मुलांच्या वस्त्यांतूनच.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं खरं आहे. गोवर एकदा होऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. पण पोर घट्ट होतं ते फक्त गोवरापुरतं. बाकीच्या आजारांपुढे ते उलट भुसभुशीत होतं, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं सगळ्यात मोलाचं संशोधन याच मुद्द्यावर झालं आहे.

विषाणूच्या अंगावर दोन प्रथिनं असतात. एकाने तो पेशीला चिकटतो, दुसऱ्याने पेशीच्या आवरणात मिसळून आत शिरतो. तो चिकटतो कशाला? २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की सीडी-१५० नावाच्या खुंटीला, आणि ही खुंटी असते नेमकी रोगप्रतिकारक पेशींवर. त्यातल्या काही पेशी म्हणजे शरीराची वही. पूर्वी कोणते जंतू आले, त्यांना कसं मारलं, याची नोंद त्यांच्यात असते. गोवर त्या वहीची पानंच फाडतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: इतर जंतूंविरुद्धच्या जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झालेली होती. ही खोट भरून यायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. गोवर बरा होतो आणि मग त्या पावसाळ्यात पोराला हगवण लागते, पुढच्या थंडीत न्यूमोनिया होतो. त्या दुखण्यांचा आणि गोवराचा संबंध घरात कोणी जोडत नाही. लसीने अशी पानं फाटत नाहीत. म्हणजे जन्मभराची तीच राखण, पण ही किंमत न मोजता.

याच धाग्यावरून घराघरांतल्या दुसऱ्या समजुतीकडे येतो: "गोवर आत राहिला की वाईट, बाहेर पडला पाहिजे." यातही एक दाणा खरा आहे. अंगावरचं पुरळ विषाणू थेट करत नाही. लागण झालेल्या पेशींवर शरीराचं सैन्य तुटून पडतं त्याची ती खूण आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते, त्यांना कधी पुरळ उठतच नाही आणि आजार थेट फुप्फुसात उतरतो. पुरळ न दिसता पोर खालावत जाणं हे वाईट लक्षण, इथवर जुन्या बायकांचं निरीक्षण बरोबर. पण मनुका-लवंगांच्या गरम काढ्याने, गोधडीत गुंडाळून किंवा अंघोळ बंद करून पुरळ बाहेर काढता येत नाही. मार्चच्या उन्हात गुंडाळलेलं तापाचं पोर फक्त कोरडं पडतं. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पाला पोटात देऊ नका.

हे छापून तुमच्या हातात पडेल तेव्हा होळीपासूनचे दिवस मोजा. लागण झाल्यावर साधारण दहाव्या दिवशी ताप आणि चौदाव्या दिवशी पुरळ येतं. कमीत कमी ७, जास्तीत जास्त २१ दिवस. एकविसावा दिवस निघून जाईपर्यंत दोन्ही मुलांना अंगणवाडी, लग्नघर, आठवडे बाजार यांपासून लांब ठेवा. ओळखायचं असं: आधी तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले, उजेड सहन न होणारे डोळे. याच दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लालसर जागेवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. पुरळ कानामागून आणि केसांच्या कडेने सुरू होऊन चेहरा, छाती-पाठ, मग हातापायांवर उतरतं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, पण तळहात फिरवला की बारीक खरखर लागते. पाण्याने भरलेले फोड असतील तर तो गोवर नाही, त्या कांजिण्या.

असं काही दिसलं तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा. रक्ताचा नमुना घेतला जातो. अगदी पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यात कधी कधी गोवर पकडला जात नाही, तेव्हा "रिपोर्ट निल आला" म्हणून निर्धास्त होऊ नका. कळवण्याचा तुमच्या मुलाला थेट फायदाही आहे. साथ असल्याचं आरोग्य खात्याने ठरवलं तर ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस दिला जातो, त्याला झिरो डोस म्हणतात. तुमचा मुलगा त्या वयात बसतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, मात्र स्वतःहून खासगीत टोचून आणू नका. आणि हा डोस मिळाला तरी तो मोजायचा नाही: चार आठवड्यांचं अंतर राखून नवव्या महिन्याचा आणि पुढे १६ महिन्यांनंतरचा, असे दोन्ही घ्यायचेच. इतक्या लवकर दिलेल्या लसीने आलेली शक्ती कमी प्रतीची असते आणि लवकर ओसरते.

गोवर निघालाच, तर विषाणूला मारणारं औषध नाही, पण मरण टाळणारं औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं: अ जीवनसत्त्व. सहा महिन्यांखालच्या बाळाला ५० हजार युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख, वर्षावरच्या मुलाला २ लाख. एक डोस लगेच, दुसरा बरोबर चोवीस तासांनी. डोळ्यांत पांढरट डाग किंवा धूसरपणा असेल तर काही आठवड्यांनी तिसरा. नेहमीच्या सहामाही वाटपात ते मिळालेलं असलं तरी गोवरात हे वेगळं द्यायचं असतं. सरकारी बाटलीत १ मिलिलिटरला १ लाख युनिट असतात, म्हणजे तुमच्या मुलाला १ मिलिलिटर आणि मुलीला २. हे दवाखान्यातच, त्यांच्या मापाच्या चमच्याने घ्या. "ताकद येईल" म्हणून मेडिकलमधून आणून रोज पाजू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं की अंगावर उलटतं.

तापाला पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, गरज असेल तर सहा तासांनी. इथे एक चूक नेहमी होते. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असतं आणि ड्रॉप्सच्या एकाच मिलिलिटरमध्ये १००. आठ किलोच्या बाळाला लागतात ८० ते १२० मिलिग्रॅम: १२५ च्या सिरपचे तीन ते पावणेपाच मिलिलिटर, पण ड्रॉप्सचे एक मिलिलिटरच्या आसपास. घाईत ड्रॉप्सची बाटली चमच्याने पाजली की डोस पाच पट होतो. बाटलीवरचं लेबल वाचून मगच माप भरा. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. अ‍ॅन्टिबायोटिक विषाणूवर चालत नाही, न्यूमोनिया किंवा कान फुटला असेल तरच डॉक्टर देतात. सलाइन लावून "ताकदीचं इंजेक्शन" मारणाऱ्यापासून लांब राहा.

अंगावरचं दूध चालू ठेवा, मागेल तितक्या वेळा. मोठीला मऊ भात, मुगाचं वरण, केळं, ताक. तोंड आलेलं असतं म्हणून आठवडाभर तिखट बंद. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; अर्ध्या पेल्यात थोडी पूड टाकायची अंदाजपंचे पद्धत नको, मीठ जास्त झालं की पोर आणखी बिघडतं. सोबत झिंक १४ दिवस.

श्वास मोजायला शिकून घ्या. पोर शांत असताना, दूध पीत नसताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त, वर्षावरच्याचे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया समजून दवाखाना गाठा. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध-पाणी न घेणं, सगळं ओकून टाकणं, झटके, गुंगी, बुबुळ धूसर दिसणं: यांपैकी एकही दिसलं तर उद्याची वाट न बघता १०८ ला फोन. शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून गरज पडली तर धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील.

आता उन्हाचा प्रश्न, जो खानदेशात कोणीही विचारावा. मुलाचा नववा महिना भरेल तेव्हा आपल्याकडे पारा ४२-४४ ला टेकलेला असेल. गोवराची लस कोरडी असेपर्यंत चिवट असते आणि भिजली की नाजूक. कुपीच्या तळाशी फिकट रंगाची एक सुकी वडी दिसते, तीच लस. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण वाटेत थोडं ऊन लागलं म्हणून लगेच मरत नाही. त्यात द्रावक, म्हणजे निर्जंतुक पाणी, घातलं की घड्याळ सुरू. कालवलेली लस सावलीतल्या २०-२५ अंशांत ठेवली तर तासाभरात निम्मी शक्ती गमावते, आणि ३७ अंशांत तासाभरात जवळजवळ सगळी. म्हणजे उघड्यावर टेबलावर राहिलेली कुपी दुपारी टोचली तर बाळाला सुईची वेदना मिळाली, लस नाही.

म्हणून सत्राच्या दिवशी सकाळी लवकर जा आणि चार गोष्टी बघा. कुपीच्या झाकणावर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असला तर लस चांगली. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती कुपी वापरायची नाही. हे निशाण झाकणावर असल्याने ते कुपी फोडण्याआधीच बघावं लागतं. दुसरं, द्रावक त्याच लसीसोबत आलेलं आणि आधीपासून थंड केलेलं हवं. गरम पाणी ओतलं की वडीतला विषाणू तिथेच मरतो, आणि भलतंच द्रावक घातलं तर जिवावर बेततं: २०१४ मध्ये सीरियात द्रावकाऐवजी भुलीच्या वेळी वापरायचं औषध गेलं आणि १५ बाळं दगावली. तिसरं, कुपीवर फोडल्याची वेळ लिहिलेली आणि कुपी आइसपॅकच्या खळग्यात, उन्हाआड. चौथं, प्रत्येक बाळाला नवी, एकदाच वापरायची सुई. चार तास झालेली कुपी टाकून देतात याचं वाईट वाटून घेऊ नका. तिच्यात जंतू रोखणारं औषध नसतं, शिळ्या कुपीत ते वाढले तर बाळ काही तासांत गंभीर होतं. "उरलीच आहे तर आमच्या पोराला द्या" असा आग्रह संध्याकाळी कधी धरू नये.

डोस अर्धा मिलिलिटर, उजव्या दंडात, कातडीखाली. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसा. सहाव्या ते बाराव्या दिवसात काही मुलांना ताप आणि फिकट पुरळ येतं. ती लस कामाला लागल्याची खूण, तिने दुसऱ्याला लागण होत नाही. साधी सर्दी, हलका ताप, कमी वजन ही लस टाळायची कारणं नाहीत. कमी वजनाच्या बाळाला तर ती जास्त गरजेची. आधीच्या डोसाला जिवावरची रिअ‍ॅक्शन आलेली असेल, किंवा कर्करोगाची औषधं अगर मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

पट्टीची बातमी खरी आहे. नखाएवढ्या पट्टीवर विरघळणारे सूक्ष्म काटे असतात, त्यांतच सुकी लस भरलेली. मनगटावर पाच मिनिटं दाबून ठेवली की काटे कातडीत विरघळतात. गॅम्बियात याची चाचणी झाली, तीत भरलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. २०२४ मध्ये निकाल आला: लस न घेतलेल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांत गोवराविरुद्ध शक्ती पट्टीने ९३ टक्के मुलांत आली, सुईने ९० टक्के. कालवणं नाही, सुई नाही, फोडलेली कुपी वाया जाण्याचा प्रश्न नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ही पट्टी आली तर परत पाठवण्याचं कारणच उरणार नाही. पण चाचणी झालेली बाळं थोडी होती. मोठ्या चाचण्या, परवानगी, कारखाना, सगळं बाकी आहे. तुमच्या मुलाचा नववा महिना त्यासाठी थांबणार नाही.

आणि "नवी" म्हणजे "जास्त चांगली" असं गोवराच्या लसीत तरी पूर्वी अनेकदा ठरलेलं नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये मेलेल्या विषाणूची लसही आली होती. तिची शक्ती लवकर ओसरली, आणि अशा मुलांना पुढे गोवर झाला तेव्हा तो वेगळ्याच, जास्त त्रासदायक रूपात आला. १९६७ मध्ये ती बंद झाली. मग लहान बाळांसाठी विषाणूचं प्रमाण कित्येक पट वाढवलेली लस निघाली. १९८९ मध्ये तिची शिफारसही झाली आणि १९९२ मध्ये मागे घ्यावी लागली, कारण ती घेतलेल्या मुलींमध्ये पुढे मृत्यू जास्त दिसले. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गावांत दोन हजार बाळांवर श्वासातून द्यायच्या फवाऱ्याची चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ चा: फवाऱ्याने ८५.४ टक्के, साध्या सुईने ९४.७ टक्के. तीनही वेळा जिंकली ती जुनी सुईची लस. तिच्या विषाणूचं मूळ १९५४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड एडमन्स्टन या शाळकरी मुलाच्या अंगातून मिळवलेल्या विषाणूत आहे. इतकी वर्षं ती चालते कारण फ्लूसारखं रूप बदलणं गोवराला जमत नाही. चिकटायचं प्रथिन बदललं की खुंटीच सापडत नाही.

तुमच्या मुलासारख्या, लसीच्या वयाआधीच्या बाळांसाठी तयार प्रतिपिंड टोचण्यावरही काम चालू आहे. विषाणूच्या आत शिरायच्या प्रथिनाला असं प्रतिपिंड कसं जखडून ठेवतं, हे २०२४ मध्ये छायाचित्रांसह समोर आलं, आणि उंदरासारख्या प्राण्यांत त्याचा उपयोगही दिसला. माणसांपर्यंत यायला वेळ आहे.

राहिली आखाजी. होळीपासून आखाजीला दीड महिन्याहून थोडे जास्त दिवस होतात, म्हणजे २१ दिवसांची वाट तोवर संपलेली असेल. मधल्या काळात दोघांपैकी कोणाला गोवर निघालाच, तर त्याच्या पुरळापासून चार दिवस पूर्ण अलग आणि घरातल्या दुसऱ्यासाठी पुन्हा नवे २१ दिवस मोजायचे. भावाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं असतील, पण वहिनींना लहानपणी ना गोवर झाला असेल ना लस मिळाली असेल, तर ते बाळ उघडं आहे. त्यांना फोन करून विचारून ठेवा. वहिनी पुन्हा गरोदर नसतील तर लसीबद्दल त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. अंगावर पाजत असल्या तरी ही लस चालते.

मुलाचे नऊ महिने ज्या दिवशी भरतात त्यानंतरचं पहिलं सत्र तुमच्या गावात आहे की माहेरी, हे आत्ताच विचारा. माहेरचं आधी असेल तर तिथे घ्या. कार्ड आणि यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवलेला मोबाइल नंबर सोबत असला की लस कुठेही मिळते. पहिल्या डोसासोबत अ जीवनसत्त्वाचा १ मिलिलिटरचा नेहमीचा डोसही मागून घ्या, तो बरेचदा विसरला जातो. मधल्या काळात त्याला गोवर होऊन गेला असला, तरी बरा झाल्यावर लस द्यायचीच, तीत रुबेलाही असतो. आणि सोळाव्या महिन्याची तारीख आत्ताच कार्डावर पेन्सिलने लिहून ठेवा. हिशेबाने ती मार्गशीर्षाच्या आसपास येते. शेजारचं कुटुंब तेव्हा पुन्हा ऊसतोडीला गेलेलं असेल, म्हणून त्यांच्या पोराचा राहिलेला डोस, ते बरं झाल्यावर, दिवाळीच्या आत उरकायला त्यांना सांगा.